लांबशेंडीचं बी परत करायला गेले, तेव्हा

या ब्लॉगवर मी आजवर रस्ते सांगितले, खानावळी सांगितल्या, कुठल्या वळणावर गाडी लावायची तेसुद्धा सांगितलं. या वेळी फक्त आरमोरीपर्यंतच सांगणार आहे. पुढचं गाव कुणी विचारू नका. कमेंटमध्ये गोड बोलून तर मुळीच नका. अशा गोड बोलण्याला मी एकदा भुलले आहे.

मे संपता संपता सोमाजीभाऊंचा फोन आला. सोमाजीभाऊ पंचाहत्तरीचे गोंड शेतकरी. त्यांच्या आज्यापासून चालत आलेल्या गांजाची दहा-बारा झाडं ते घरामागच्या बांधावर ठेवतात. घरात त्याला लांबशेंडी म्हणतात. अरुंद पानं, जांभळं खोड, उंची वळचणीच्याही वर, आणि पाला चोळला की आंबेहळदीचा वास. तयार व्हायला थेट पौष उजाडतो. हे झाड लावणं कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. ते विकत नाहीत. बैलाचं पोट बिघडलं की गुळात पाला कुटून गोळा देतात, आणि शिवरात्रीला ओंजळभर मार्कंड्याच्या देवळात नेऊन देवापुढे ठेवतात.

दीड वर्षापूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा निघताना त्यांनी मला कुंकवाच्या डबीत चिमूटभर बी दिलं होतं. फोनवर त्याचीच चौकशी.

"बाई, ते बी आहे का तुमच्यापाशी? का फेकून देल्लं?"

"आहे की. काऊन, भाऊ?"

"माह्यं सारं बिघडलं. तेवढं घेऊन या."

डबी कुठे होती हे लिहायला लाज वाटते. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात. त्या दिवशी ठेवली ती तिथेच राहिली. वरोऱ्याचा एक अख्खा उन्हाळा गेला आणि दुसऱ्याचा मे संपत आला. आमच्याकडे उन्हात उभ्या गाडीचं स्टीअरिंग ओल्या रुमालाशिवाय धरता येत नाही. डबी उघडून मोजलं, अकरा बिया. दिसायला ठणठणीत होत्या, म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वरोरा सोडलं. चिमूरपर्यंत रस्ता बरा आहे, मधल्या गावांतले गतिरोधक तेवढे रंग उडालेले, सांभाळा. चिमूरला बसस्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. प्लेट तीस रुपयांना, तर्री मागाल तितकी. पोहेवाल्यानं गाडीकडे बघून विचारलं, "मॅडम, ताडोब्याले चालल्या का?"

"नाही, आरमोरीकडे."

"वाघ नाई, काई नाई, तिकडं कोणी काऊन जाते?"

एरवी मी त्याला आपल्या झाडीपट्टीवर छोटंसं भाषण दिलं असतं. त्या दिवशी म्हटलं, खरंच, कोणी जाऊ नये. ब्रह्मपुरीत पेट्रोल भरून घेतलं, कारण पुढे पंपाचा भरवसा नसतो. वैनगंगेच्या पुलावरून पाहिलं तर निम्मं पात्र वाळूचं, आणि उरलेल्या पाण्यात म्हशी. आरमोरीत राहायला साधे लॉज आहेत, मी दोन रात्री तिथेच काढल्या. वरणभात, वांग्याची भाजी, पंखा चालू असेल तर झोप. आता इथून पुढचा रस्ता माझ्याकडे.

सोमाजीभाऊ अंगणात बसले होते. त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी, पेजेचा गडवा पुढे ठेवला. डबी हातात घेऊन भाऊंनी आधी बी हुंगलं, मग मला बसवून सगळं सांगितलं.

गांजात नर झाड वेगळं, मादी वेगळी. दसरा झाला की भाऊ रोज उजाडताना बांधावर जातात, एकेका झाडाचे सांधे बोटांनी चाचपतात आणि फुलायच्या आत नर उपटतात. एकच ठेवतात, सगळ्यांत उंच, सगळ्यांत उशिरा येणारा. त्याला हळदीचा दोरा बांधायचा आणि नवरदेव म्हणायचं. बी धरायचं ते त्या एकाचंच. आज्यानं असंच केलं, बापानं असंच केलं. मागल्या पावसाळ्यात मात्र पुण्याकडचे तिशीतले दोघं आले आणि नाल्यापलीकडे त्यांनी परदेशी बी लावलं. दोन्हींचा संकर करायचा होता म्हणे. त्यांनी एकही नर उपटला नाही. वारा तिकडूनच वाहतो. भाऊंच्या साऱ्या माद्यांनी तोच पराग धरला आणि यंदाचं सगळं बी बाटलं. जुनं बी ते ठेवतच नाहीत, कारण वर्षाच्या वर त्यात फारसा जीव राहत नाही. लांबशेंडीचं शुद्ध बी जगात उरलं होतं ते या डबीत.

आता सांगायची वेळ माझी होती. त्या दोघांतल्या एकानं लांबशेंडीवरच्या माझ्या जुन्या पोस्टखाली लिहिलं होतं की आजीच्या दुखण्यासाठी असं झाड शोधतोय, आणि तुमच्यासारखं जंगलावर कुणी लिहीत नाही. मी हुरळले. त्याला खासगी निरोपात सगळा रस्ता लिहून दिला, नाल्यासकट. हे मी भाऊंना सांगितलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

"मले माईत आहे," ते म्हणाले. "त्यायनंच सांगतलं, बाईनं पाठवलं म्हणून. तुमचं नाव घेतलं, मंग मी त्याईले घरी जेवू घातलं."

त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊ, तक्रार का नाही केली?"

"कुठी करू? अन् काय लिवून देऊ? माह्या गांजात त्यायचा गांजा मिसळला?" ते खो खो हसले. मला हसू आलं नाही.

बी ओल्या फडक्यात बांधून त्यांनी माठाखालच्या वाळूत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी आरमोरीहून परत आले, काही नाही. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तेव्हा दहा बिया तशाच होत्या आणि एकीला पांढरा मोड. कौसाबाईंनी विचारलं, बी कुठी ठेवलं होतं? खोटं बोलता आलं असतं, पण मी खरं सांगितलं.

"अवो बाई, आमच्या घरी बी चुलीजवळबी ठेवत नाई. तुमी एवढ्या शिकल्या, अन् उन्हाच्या गाडीत ठेवलं?"

तो मोड भाऊंनी पळसाच्या पानाच्या द्रोणात, मातीत लावला आणि हात धुतले. मी त्याच दुपारी निघाले. ब्रह्मपुरीपर्यंत रडत आले आणि तिथे गाडी थांबवून तोंड धुतलं.

घरी आल्यावर ती जुनी पोस्ट काढून टाकली. माझी सगळ्यांत जास्त वाचली गेलेली पोस्ट होती, हेही सांगते, कारण काढताना बोट अडखळलं होतं आणि त्याची मला चीड आली. नंतर त्या दोघांचं इंटरनेटवरचं पान सापडलं. बुटक्या, गच्च झाडाचा फोटो, खाली 'झाडी गोल्ड' आणि आदिवासी वारशाबद्दल चार ओळी. वारसा ज्यांचा त्यांचं नाव कुठेही नाही. पण माझ्या त्या पोस्टमध्ये तरी कुठे होतं? मीही 'एक वृद्ध आदिवासी' एवढंच लिहिलं होतं.

दसऱ्यानंतर भाऊंचा फोन आला. त्या मोडाचं झाड पुरुषभर वाढलं होतं, पण नर निघाला. एकट्या नराला बी कुठून येणार? भाऊंनी बाटलेल्या बियांचीही झाडं लावली होती. त्यातले सगळे नर उपटून त्यांनी उंच, उशिराच्या माद्या तेवढ्या ठेवल्या आणि हळदीचा दोरा या शुद्ध नराला बांधला. दरवर्षी लांबशेंडीसारखी दिसतील ती निवडायची, बाकीची काढायची.

"किती वर्षं लागतील, भाऊ?"

"सात-आठ तरी लागतीन."

पंचाहत्तरीचा माणूस हे सहज बोलून गेला. मी विचारलं, "पौषात मी येऊ का पाहायला?"

पलीकडे कौसाबाईंचा आवाज आला.

"नका येऊ, बाई," भाऊ म्हणाले. "तुमी चांगल्या आहा. पण तुमच्या मागं लोकं येतेत."