यांना ऐकू न आलेलं घड्याळ

लग्न होऊन दम्मामला आले त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात माझी एकच तक्रार होती. माझे यजमान माझं बोलणं ऐकत नाहीत. म्हणजे माझ्या आज्ञेत नाहीत असं नव्हे, तशी अपेक्षाही नव्हती. पण मी स्वयंपाकघरातून विचारावं, "अहो, येताना रोट्या आणल्यात का?" तर बाहेरच्या खोलीतून उत्तर नाही. पुन्हा विचारावं तर "हं." तिसऱ्यांदा विचारावं तर "हो हो, जाऊ या की शुक्रवारी."

एकदा चिडून मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हणाले, "आज मी कबुतराची भाजी केलीय."

"हं. छान," वर्तमानपत्रातून डोकं न काढता हे म्हणाले.

कामावर मात्र यांचं फार नाव होतं. शहराबाहेरच्या गॅस प्लांटवर हे कॉम्प्रेसरचे मेकॅनिक होते. ते दिवस पैशाच्या पुराचे होते. महिन्याभरात एक रस्ता नवा व्हायचा, आज रिकामी दिसलेली जागा पुढच्या खेपेला तीन मजली झालेली असायची. प्लांटवर रात्रंदिवस यंत्रं चालू. कुठलं बेअरिंग जाणार आहे ते हे आधी सांगायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. सगळे म्हणत, याचा कान म्हणजे कान आहे! हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. यंत्राचं ऐकू येतं, बायकोचं तेवढं येत नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. यांचा एक मित्र दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. साताऱ्याकडचा वेल्डर, कंपनीच्या कामगार-कॅम्पात एकटाच राहणारा, घोगऱ्या आवाजाचा. तो घास तोंडात धरून पुटपुटला तरी यांना कळायचं. यावरून मी काय अर्थ काढायचा? मी काढायचा तोच काढला.

माझं बी.ए. शेवटच्या वर्षात लग्नामुळे अर्धवट राहिलं होतं. बाहेरून परीक्षा देता येते असं भावानं कळवलं आणि सुट्टीवरून येणाऱ्या एकाबरोबर मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक पाठवून दिलं. दुपारच्या वेळी खिडकीतला एसी घरघरत असायचा, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मी पुस्तक घेऊन बसायचे. पहिला मोठा भाग होता संवेदन आणि अवबोध यांचा. डोळा, कान, नाक, जीभ, कातडी बाहेरून काय आणतात, आणि त्याचं मन काय करतं. धड्याच्या शेवटी करून पाहण्यासारखे प्रयोग दिले होते. वाचून पाठ करण्यापेक्षा करून पाहणं मला केव्हाही आवडायचं. फक्त प्रयोगाला माणसं हवी होती.

पहिलं माणूस मिळालं ते समोरच्या फ्लॅटमधली भाबी. रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवऱ्याचं सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, कापडाचं दुकान. तिची पाच माणसांची न्याहारी, धुणीभांडी सगळं आटोपलं की ती माझ्याकडे यायची.

"आज काय करायचं गो तुझ्या परीक्षेचं?" ती विचारायची.

पहिला प्रयोग तीन भांड्यांतल्या पाण्याचा होता. एकात गरम, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात गरमात, दुसरा गारात ठेवायचा आणि मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात घालायचे. पण आमच्याकडे जूनमध्ये गार पाणी आणायचं कुठून? नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून चहाला चालेल इतकं तापून यायचं. तिथे सगळ्यांची एक युक्ती होती, उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. त्याच्या टाकीत पाणी सावलीत राहायचं, म्हणून गीझरच्या तोटीला बरं पाणी आणि साध्या तोटीला कढत. तेव्हा मी गरम पाणी गार तोटीचं घेतलं, कोमट गरम तोटीचं घेतलं, आणि गारासाठी बर्फ.

भाबीनं दोन्ही हात मधल्या भांड्यात घातले आणि ओरडलीच. "अगो, एका हाताला गार लागतं नि एकाला ऊन! पाणी एकच ना?"

"पाणी एकच. हात आधी कुठे होता त्यावर आहे."

भाबी बराच वेळ ते हात आलटून पालटून बुडवत बसली. मग नाक दाबून, डोळे बांधून तिनं कांद्याचा तुकडा खाल्ला आणि सफरचंद म्हणून सांगितला. चिमूट सोडल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. निम्मी चव नाकात असते हे पुस्तकात चार ओळींत दिलं होतं. भाबीला ते जन्मभर पुरलं असणार. नंतर सर्दी झालेल्या नवऱ्यानं आमटीला नाव ठेवलं की ती म्हणायची, "आमटीत काही नाही, तुमच्या नाकात आहे."

त्या शुक्रवारी वेल्डर जेवायला आला तेव्हा मी त्याला पकडलं. कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे टिकली एवढा ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्यानं फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणायचा. एका जागी ठिपका नाहीसा होतो.

वेल्डरनं कागद जवळ आणला, आणि खाली ठेवला. तोंड उतरलेलं. "वैनी, माझ्या डोळ्याला भोक हाय. वेल्डिंगच्या उजेडानं झालं आसंल काय?"

मी आणि हे दोघंही हसू लागलो. मी त्याला समजावलं की डोळ्याच्या मागून जिथे नस बाहेर पडते तिथे सगळ्यांनाच दिसत नाही. आपल्याला ते भोक जाणवत नाही, कारण आजूबाजूला जे आहे त्यावरून मन ती जागा स्वतःच भरून टाकतं.

"म्हंजे मन थाप मारतंय," वेल्डर म्हणाला.

"थाप नव्हे, अंदाज," मी म्हणाले.

पुढचा प्रयोग कानाचा होता. अगदी बारीकात बारीक किती आवाज माणसाला ऐकू येतो ते पाहायचं. घड्याळ कानाजवळून लांब न्यायचं, किंवा लांबून जवळ आणायचं, आणि टिकटिक कुठे ऐकू येते ते मोजायचं. तेव्हा दम्मामात ज्याच्या त्याच्या मनगटावर आकडे दाखवणारं नवं घड्याळ होतं, मलाही यांनी तसंच घेऊन दिलं होतं. त्याला टिकटिक कसली? शेवटी बॅगेच्या तळातून माझं लग्नातलं चावीचं घड्याळ काढलं. भाबीकडून शिवणकामाची टेप आणली. एसी बंद केला, कारण त्याच्या घरघरीत घड्याळ काय, माणूस हाक मारील तरी ऐकू येत नसे. पाच मिनिटांत खोली भट्टीसारखी झाली.

"वैनी, लवकर करा, नाहीतर कानाआधी मीच जाईन," वेल्डर म्हणाला.

त्याला तीन हातांवरून टिकटिक ऐकू आली. मी लिहून घेतलं. मग हे खुर्चीवर बसले, डोळे मिटले, हात मांडीवर. मी तीन हातांवरून सुरुवात केली. दोन हात. एक हात. वीत. हे शांत बसलेले. चार बोटं. मी घड्याळ उजव्या कानाला अगदी टेकणार इतकं जवळ नेलं आणि थांबले.

"अगं, कर ना सुरू," हे म्हणाले. "घाम फुटलाय सगळ्यांना."

वेल्डर हसला. त्याला वाटलं, हे गंमत करताहेत. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग यांनी डोळे उघडले, मान वळवली आणि नाकासमोर माझा हात आणि हातातलं घड्याळ पाहिलं.

"हे चालू आहे?" यांनी विचारलं.

वेल्डरनं घड्याळ घेऊन आपल्या कानाला लावलं. "चालू हाय की," तो हळूच म्हणाला. डाव्या कानाचंही तेच झालं. कानाला टेकल्यावर काहीतरी असल्यासारखं वाटतंय, हे म्हणाले, पण नक्की नाही.

वेल्डर त्या दिवशी जेवून लगेच गेला. मी एसी लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. दीड वर्ष या माणसाला मी काय काय बोलले होते ते एकेक आठवायला लागलं. हे मागून आले. "माझं सगळं बोलणं तुम्हाला ऐकू येतच नव्हतं का?" मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं.

"येतं की. तुझा आवाज येतो. शब्द अर्धे येतात, बाकीचे मी लावून घेतो," हे म्हणाले. "मला वाटायचं, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. नव्या नवरीला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसायचो."

यावर रडता रडता मला हसू आलं. आम्ही दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होतो आणि दोघंही चुकत होतो.

हैदराबादच्या एका डॉक्टरांनी यांना काचेच्या खोलीत बसवून यंत्रावर तपासलं आणि कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजांच्या बाजूला रेघ सरळ होती. बारीक, उंच आवाजांकडे गेली की जिना उतरावा तशी खाली येत होती. म्हणून घोगरा वेल्डर ऐकू यायचा, यंत्राची घरघर ऐकू यायची, पण बाईचा आवाज आणि त्यातले स, फ, त गळून पडायचे. चार वर्षं कॉम्प्रेसरच्या गोंगाटात उघड्या कानांनी काम केल्याचा हा परिणाम होता. गेलं ते येणार नाही, राहिलंय ते सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी येऊन हे तो कागद कपाटात ठेवायला निघाले. कंपनीला कळलं, अनफिट ठरवलं, तर? आमचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कफिलाच्या, म्हणजे ज्याच्या नावावर नोकरी त्या मालकाच्या, हातात. तो खलास म्हणाला की विमानात बसायचं. दोन दिवस आम्ही तेच बोलत होतो. तिसऱ्या दिवशी भाबीनं डबा आणून दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"लपवून काय होणार गो? उरलेलं पण जाईल," ती म्हणाली. "मग कुठलं कॉम्प्रेसर नि कुठली तू?"

दुसऱ्या दिवशी हे कागद घेऊन गेले आणि खिशात माझं घड्याळही नेलं. यांचे साहेब लेबनानी इंजिनिअर होते, पन्नाशीचे, सतत ओरडून बोलणारे. सगळे त्यांना टरकून असत. पुढचं मला यांनी घरी येऊन सांगितलं. साहेबांनी कागद पाहिला, घड्याळाची हकिगत ऐकली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, हे घड्याळाचं काय आहे, दाखव. यांनी दाखवलं. साहेबांनी घड्याळ स्वतःच्या कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला. मग चावी दिली आणि पुन्हा लावलं.

"बंद पडलंय," साहेब ओरडले.

"चालू आहे, सर," सेकंदकाट्यावर बोट ठेवून हे म्हणाले.

साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. मग यांना विचारलं, तुझ्यासारखे आणखी किती आहेत?

यांना तरी ते कुठे ठाऊक होतं? पुढच्या शुक्रवारी कॅम्पातल्या जेवणाच्या खोलीत वेल्डरनं एसी बंद करून रांग लावली. माझं घड्याळ आणि भाबीची टेप. कितीतरी जणांना वीतभर अंतरावरूनही काही ऐकू आलं नाही. काहीजण रांगेतून निसटले, त्यांना वेल्डरनं धरून आणलं. आठवड्याभरात साहेबांनी कपाटात धूळ खात पडलेले कान झाकायचे डबे बाहेर काढायला लावले. ते आधीही होते, पण कानाला लावले तर यंत्राचा आवाज कसा समजणार, म्हणून कोणी हात लावत नसे. आता त्यांच्याशिवाय कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी झाली. साहेब स्वतः सर्वांत आधी लावून उभे राहिले. ते एवढे का ओरडायचे हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं, आणि त्यांची भीतीही थोडी कमी झाली.

यांची नोकरी गेली नाही. यांना शेडमधून काढून वर्कशॉपात घातलं, जिथे बंद यंत्रं उघडून दुरुस्त करायची. तिथे यंत्राचा दोष ऐकून नव्हे, हातानं चाचपून शोधायचा. थोड्याच दिवसांत लोक म्हणायला लागले, याचा हात म्हणजे हात आहे!

घरात आम्ही नवे नियम केले. मी दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. समोर यायचं, खांद्याला हात लावायचा, मग बोलायचं. आवाज चढवायचा नाही, उलट थोडा खाली आणायचा. हे माझ्या ओठांकडे बघायला शिकले. त्यात एक तोटा होता. भांडण झालं की हे डोळे मिटून घेत, की माझं बोलणं संपलंच. मग मी त्यांच्या पापणीवर टिचकी मारायचे.

सुट्टीत जाऊन मी परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत बाईंनी प्रयोगवही चाळली आणि विचारलं की कानाच्या प्रयोगातला हा 'विषय क्रमांक दोन', म्हणजे माझे यजमान, इतका वेगळा कसा? मी सगळी हकिगत सांगितली. बाई प्रश्न विचारायच्या विसरल्या आणि घंटा झाली. दुसऱ्या वर्गात पास झाले.

त्यानंतर दरवर्षी आम्ही त्या हैदराबादच्या डॉक्टरांकडे जायचो. पहिल्या वर्षी ते नव्या कागदावरची रेघ जुन्या रेघेवर ठेवून बघत होते तेव्हा मीही टेबलावर वाकून बघत होते. रेघ जिथल्या तिथे होती, जराही खाली उतरली नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही टॅक्सी करून समुद्रावर गेलो. वारा सुटला होता, किनाऱ्यावरच्या भिंतीला कुटुंबं रांगेनं बसली होती. यांनी शावरमाचे, म्हणजे मांस भरलेल्या रोटीचे, दोन गुंडाळे आणले आणि मला ते प्लांटवरची काहीतरी गंमत सांगायला लागले, इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या सतरंजीवरचं अख्खं कुटुंब जेवण थांबवून ऐकत बसलं.