बॉनेटवरची थाप

रिहे गावातल्या आमच्या शेताचे प्लॉट पडले आणि भातखाचरांच्या जागी सरळसोट सिमेंटचा रस्ता झाला. घर मात्र तिथं अजून एकही नाही. एका रविवारी सकाळी फाटक लावून घेऊन मी आणि धाकट्या भावाने त्या रस्त्यावर शर्यत लावली. त्याची नवी गाडी ऑटोमॅटिक, माझी जुनी गिअरची. एवढ्याशा अंतरात माणसाचा हात जिंकतो की यंत्र, हे मला खरंच बघायचं होतं.

पहिल्यांदा मी जिंकले. मग एकदा क्लच घाईत सोडला आणि चाकं जागच्या जागी फिरली. एकदा दुसरा गिअर पडेचना. भाऊ मात्र दर वेळी सारखाच सुटायचा, सारखाच पोचायचा. शेवटी तोच जिंकला.

"तू केलंस काय? नुसता पाय दाबलास!" मी चिडले.

फाटकाशी बसलेले वडील हसले. त्यांनी उभी हयात शर्यतीचे बैल पाळले.

"आपल्या शर्यतीत गाड्यात कोण बसतंय व्हय? बैलं सोडली की गाडा रिकामाच पळतोय. तरी नंबर येतोयच की."

लहानपणापासून बघत आले, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी विचारलं, "मग गुलाल कुणाला लावायचा?"

"बैलास्नी. आणि कुणाला?"

ते उठले, भावाच्या गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर कौतुकाने थाप मारली. भाऊ शेजारीच हसत उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गिअरची गाडी मी अजून विकलेली नाही. तिच्यात हरले, तर हरते मीच.