खरकट्या पेशी

रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरनं माझ्या धाकट्या बहिणीला फसवलं. तिनं पाहिलेली, तिनं वहीत काढलेली, तिनं नाव दिलेली गोष्ट त्यानं स्वतःच्या नावावर छापली. तिचं नाव वर टाकीन, असा शब्द त्यानं आमच्या घरी आमच्याच ताटात जेवताना दिला होता. त्याचा साक्षीदार मी आहे.

मी सिलतऱ्याच्या कारखान्यांतून निघालेल्या जुन्या मोटारी आणि बेअरिंगं घेतो, नीट करून विकतो. वडील अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आले आणि लवकर गेले. मी शाळा सोडली, बहिणीची सुटू दिली नाही. तिनं बी.एस्सी. केलं, मग लॅबचा कोर्स केला आणि समता कॉलोनीत त्या डॉक्टरच्या दवाखान्याला जोडलेल्या लॅबमध्ये लागली. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, त्याला रंग द्यायचा, धुवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं, हे तिचं काम. त्या पट्टीला ते स्लाइड म्हणतात.

काही पेशंटच्या स्लाइडवर तिला एक वेगळीच पेशी दिसायला लागली. पेशीच्या कडेला बारीक कण चिकटलेले. आधी तिला वाटलं, आपलंच धुणं कच्चं राहिलं. तिनं पुन्हा धुतलं. रंग बदलला, बाटली बदलली, तरी कण तिथेच. ज्यांचा आजार पुढे उलटला, त्यांच्या जुन्या स्लाइडवर ह्या पेशी जास्त आहेत, असा तिला संशय आला. संशय आला म्हणून ती गप्प बसली नाही. शाळेच्या लांब वह्यांमध्ये पेन्सिलनं एकेक पेशी काढत गेली आणि प्रत्येकीखाली एक अक्षर लिहीत गेली: ख.

वह्यांची बातमी डॉक्टरला लागली. एका रविवारी दुपारी तो बीरगांवला आमच्या घरी आला. आईनं पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. डॉक्टर दोनदा मागून घेऊन जेवला आणि हात न धुताच डाव्या हातानं वहीची पानं उलटत बसला. उजवा हात वाळला, ताट वाळलं, त्याला भान नाही. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

"ये ख क्या है?" त्यानं विचारलं.

"खरकट्या, सर," बहीण म्हणाली.

"खरकटा मतलब?"

बहिणीनं त्याच्याच ताटाकडे बोट केलं. काठाला बेसन आणि भाताची शितं वाळून घट्ट बसली होती. ती पुढे सांगणार, तेवढ्यात मी मधे तोंड घातलं. सौदे करून करून माझी हिंदी फाडफाड चालते, ती साहेबासमोर दाखवायची होती.

"बचाखुचा, सर," मी म्हणालो. "थाली में जो बच जाता है."

"नाही ना दादा, तसं नाही..." बहीण म्हणाली.

"तू चूप बस. साहेबाले समजलं."

साहेबानं खिशातून छोटी डायरी काढली आणि माझा शब्द लिहून घेतला.

मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. ताटात उरलं ते उरलेलं अन्न. ते झाकून ठेवतात, संध्याकाळी खातात. भांड्याला चिकटून वाळलं, पाणी ओतलं तरी निघत नाही, ते खरकटं. बहिणीच्या पेशींचा सगळा मुद्दा त्या चिकटण्यात होता आणि तो मी एका शब्दात घालवला.

निघताना डॉक्टरनं वह्या मागितल्या. मी म्हणालो, "ले जाइए, पर बहन का नाम ऊपर आना चाहिए."

"हव भैया, बिलकुल. उसी का तो काम है."

एका झटक्यात हो म्हणाला. माझ्या धंद्यात पहिल्या बोलीला हो म्हणणाऱ्याचा माल मी दोनदा उलटून बघतो. त्या दिवशी नाही बघितला. तो डॉक्टर होता, आणि बहीण दारात उभी राहून हसत होती.

वह्या परत आल्या नाहीत. बहिणीनं दोन-चारदा विचारलं, मग तेही सोडलं आणि पुढे ती नोकरीही. काही वर्षं गेली. माझी मुलगी आता एका शाळेत इंग्रजी शिकवते. मराठी समजतं तिला, बोलते हिंदीत. मध्यंतरी वर्तमानपत्रात डॉक्टरचा फोटो आला, त्याच्या संशोधनाचं पुस्तक निघतं आहे म्हणून. तिनं कॉम्प्युटरवर त्याचा जुना लेख शोधला.

"पप्पा, आत्या का नाम कहीं नहीं है."

"खाली बघ. शेवटी असंल."

शेवटी एक ओळ होती. लॅबच्या कर्मचाऱ्यांचे आभार. नाव एकाचंही नाही. मात्र चित्रं होती. पेन्सिलची चित्रं कुणीतरी शाईनं गिरवलेली, आणि पेशींना इंग्रजीत नाव, मुलीनं सांगितलं त्याचा अर्थ: उरलंसुरलं. माझा शब्द. माझी चूक, जशीच्या तशी, सुटाबुटात.

मग मुलीनं त्या लेखाचा आधार कुणीकुणी घेतला त्याची यादी उघडली. ती खाली सरकवत गेली आणि यादी संपेचना. कुठकुठल्या देशांतली माणसं. एकानं लिहिलं होतं की औषध दिल्यावर ज्या उरतात त्या ह्या पेशी, नावातच आलं आहे. दुसरा म्हणत होता, औषध न दिलेल्या पेशंटमध्येही दिसतात, मग हे नाव का? तिसऱ्यानं पहिल्याच्या म्हणण्यावर स्वतःचं संशोधन रचलं होतं. शिकलेसवरलेले लोक एका शब्दावर भांडत होते, उत्तर आमच्या मोरीत पडलं होतं, आणि प्रत्येक ओळीत मान डॉक्टरचा.

मी बहिणीला बोलावलं. तिनं मुलीकडून सगळं समजून घेतलं. नाव नाही हे कळलं तेव्हा ती नुसती चित्रं बघत राहिली. उरलंसुरलं ऐकलं तेव्हा उठून उभी राहिली.

"दादा, हे चूक आहे. उरलेल्या नाहीत त्या. चिकटलेलं असते त्याईले. लोकं भलतंच शोधून राहिले!"

तिनं डॉक्टरला पत्र लिहिलं, सभ्य भाषेत, फक्त दुरुस्तीपुरतं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. नाही. मग मी गेलो.

बाहेर पेशंट बसले होते, म्हणून आवाज खाली ठेवला. "साहब, खरकटा मतलब क्या?"

तो हसला. "अरे भैया, आप ही ने तो बताया था. बचाखुचा."

"तो फिर लिखिए ना वैसा, कि हमने बताया."

"एक शब्द से रिसर्च नहीं होती. स्लाइड तो कोई भी देख लेता है. मतलब निकालना पड़ता है."

"मतलब ही तो गलत है!" आता आवाज चढला. "थाली तुम्हारी थी, साहब! उसी पे उंगली रख के बताया था उसने!"

त्यानं घंटी वाजवली आणि दाराकडे बघत म्हणाला, "नेक्स्ट."

घरी आलो आणि तो ज्या ताटात जेवला होता ते शोधून भंगारात टाकायला निघालो. बहिणीनं ते हातातून काढून घेतलं.

"ताटाचा काय दोष? त्या दिवशी मले बोलू दिलं असतं तर?"

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. ताट तिनं परत मांडणीवर ठेवलं.

"नाव नको म्हणा," ती म्हणाली. "पुस्तक छापाच्या आधी तेवढं दुरुस्त करा म्हणा."

ती नको म्हणते, तो तिचा मोठेपणा. मी म्हणत नाही. नावही पाहिजे आणि दुरुस्तीही. माझी चूक मी इथे लिहून दिली, माझ्यापुरतं झालं. पुस्तक अजून छापायचं आहे, वेळ गेलेली नाही. डॉक्टरसाहेब, चार लोकांत उभे राहा आणि दोन गोष्टी सांगा. त्या पेशी उरलेल्या आहेत म्हणता, तर कशातून उरल्या? आणि तुमच्या ताटाकडे बोट कुणी केलं होतं?