समुद्राकडून आलेलं पाणी

मला पाण्याची भीती वाटते, हे मी माझ्या दुकानात अजून कुणाला सांगितलेलं नाही. जाफराबादला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथं येऊन बसणारे सगळे एक नंबरचे टवाळ. कळलं तर वर्षभर माझी रेवडी उडवतील. पण खरं ते खरं. तीन महिने झाले, अजूनही बादली भरताना पाणी काठाला आलं की मी झटकन मागं सरतो. जो अनुभव आला त्याला कृपा म्हणावं की नशीब, यावर मी खूप डोकं शिणवलं. आता तो नाद सोडला आहे. जसं घडलं तसं लिहितो, मला ज्याची लाज वाटते तो भाग न गाळता.

लोक मला भक्तिमार्गाचा माणूस समजतात. कापसाची वेचणी उरकली, दुकानातली गर्दी ओसरली की दरवर्षी मी सायकलवर एका देवाला जातो. आधी जांब समर्थला, समर्थांच्या जन्मगावी डोकं टेकायचं आणि मग जिकडं जायचं तिकडं चाक वळवायचं. लोक एसटीनं जातात, जीपनं जातात, हा गडी सायकलनं जातो, असं चारचौघांत म्हटलं गेलं की आतून फार बरं वाटायचं. पुढं पुढं तर देवच माझी वाट बघत थांबलेला असतो असं मला वाटायला लागलं होतं. अहंकार दुसरा कशाला म्हणतात?

यंदा माझी मुलगी पल्लवी हट्टाला पेटली. कॉलेजात शिकते, वीस वर्षांची आहे. "पप्पा, दरवर्षी एकटेच जाता. यंदा मी येऊन राह्यले, आन् मला समुद्र बघायचाय." मार्ग तिनंच ठरवला. बसच्या टपावर सायकली टाकून कोल्हापूर गाठायचं, तिथून घाट उतरून कोकणात, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानं एका गणपतीच्या देवळापर्यंत. निघताना तिची आई मला एवढंच म्हणाली, "न्हेता तशी परत आणा."

आम्ही सपाटीवरची माणसं. घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून माझी बोटं आखडली, आणि खाली आल्यावर कळलं की खरी परीक्षा पुढंच आहे. कोकणात एक डोंगर चढून उतरलं की खाडी, खाडी ओलांडली की पुन्हा डोंगर. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला आम्ही शेवटच्या खाडीवर पोचलो. पलीकडं, काठापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर देऊळ. पूल पंधरा किलोमीटर आत, मध्ये दोन चढ. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "तर धा वाजता येतली, बसा." तर म्हणजे माणसं पलीकडं नेणारी होडी. मी खाडीकडं बघितलं. नुसती वाळू, मधे मधे घोटाभर पाणी. पहाटे दोन बाया डोक्यावर पाट्या घेऊन चालत पलीकडं गेल्या होत्या, असंही त्यानं सांगितलं. मंग दहापर्यंत बसायचं कशाला?

पल्लवी म्हणाली, "पप्पा, थांबू ना थोडं. काय घाई आहे?" मी तिच्यावर खेकसलोच. "पूर्णेच्या पात्रातून आपण सायकली न्हेतो का न्हाई? आभाळ बघ. ढग हाये का कुठं?" आमच्याकडं नदी ओलांडायचा एकच नियम आहे. वर, उगमाकडं बघायचं. तिकडं आभाळ मोकळं असेल तर बिनधास्त पात्रात उतरायचं. तो नियम मी पन्नास वर्षं पाळला आहे आणि तो कधी खोटा ठरला नाही. त्या दिवशीही मी डोंगराकडं बघितलं. आभाळ स्वच्छ निळं होतं. पाणी समुद्राकडूनही येतं, हे शाळेत कधीतरी शिकलो असेन, पण पायाला ते माहीत नव्हतं.

अर्ध्यात गेलो आणि चाकं रुतायला लागली. वरनं वाळू दिसत होती, खाली काळा चिखल. सायकल उपसायची, दोन पावलं टाकायची, पुन्हा उपसायची. पल्लवी थांबून म्हणाली, "पप्पा, पाणी उलटं वाहून राह्यलंय." मी म्हणालो, "येडी का तू!" आणि खाली बघितलं. फेस आणि काटक्या समुद्राकडून डोंगराकडं चालल्या होत्या, त्याही चांगल्या पळत. मागं वळलो तर ज्या ओहोळातून आम्ही घोटाभर पाण्यातून आलो होतो तो भरून रुंद झाला होता. पुढचा काठ दोनशे पावलं. पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग पल्लवीच्या कमरेला. तिला पोहता येत नाही. मला येतं ते विहिरीतलं, जिथं चार हात मारले की भिंत लागते.

रोज सकाळी अंघोळ झाली की मारुतीचं स्तोत्र म्हणतो मी, गेली तीस वर्षं. तिथं त्याचा पहिला शब्दसुद्धा आठवेना. एका हातात सायकलचं हँडल होतं, दुसऱ्या हातात पोरीचं मनगट. ती सायकल मी स्वतः बांधली होती, एकेक सुटा भाग जमवून, दोन वर्षं खपून. पाण्यानं तिला हिसका दिला, ती आडवी झाली, आणि मी तिला दोन्ही हातांनी धरलं. दोन्ही हातांनी. म्हणजे मी पोरीचा हात सोडला. सोडताना मला ते कळलंही नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. त्यानं काही फरक पडत नाही.

तेवढ्यात हाक आली. खाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूला, पलीकडच्या काठाला लागून असलेल्या खडकावर एक बाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कोयती. "सायकल सोडा! हयसर येवा! दर्याकडे येवा!" मला वाटलं, बाईला वेड लागलंय. समोर काठ दिसतोय आणि ही म्हणते समुद्राकडं या! मी मान हलवली आणि काठाकडंच ओढ घेतली. तोवर पल्लवीनं आपली सायकल कधीच सोडली होती. तिनं मागून माझ्या शर्टाची कॉलर धरली आणि जोरात ओढली. "पप्पा, सोडा ती! ती बाई म्हणतीय तिकडंच चला!" त्या क्षणी मी अगदी रिकामा झालो. काय बरोबर, काय चूक, काहीच सुचेना. हात आपोआप उघडले. सायकल गेली आणि मी पोरीच्या मागं, त्या अनोळखी बाईकडं, समुद्राकडं चालायला लागलो.

दहा-बारा पावलं पाणी छातीला लागलं. ती दहा पावलं मला अजून झोपेत चालावी लागतात. मग पायाखाली घट्ट वाळू आली. पाणी कमरेला आलं, मग गुडघ्याला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंच पट्टा होता, तो आम्हाला दिसत नव्हता आणि त्या बाईला पाठ होता. ती त्यावरून धावत पुढं आली आणि तिनं पल्लवीला दंडाला धरून खडकावर न्हेलं. तिथून मी मागं बघितलं. ज्या काठाकडं मी निघालो होतो, तिथंच पाण्याला भोवरे पडत होते. माझ्या कॅरिअरवरची पिशवी एकदा वर आली आणि आत गेली.

बाई माझ्यावर कडाडली. "आज पुनव! पुनवेक पाणी धावता, म्हायत नाय?" मी म्हणालो, आम्ही जालन्याचे. "थंय दर्या नाय?" नाही म्हटल्यावर तिला हसू आलं, आणि तिनं डोक्याचा टॉवेल सोडून पल्लवीच्या खांद्यावर टाकला. ती पहाटे खडकावरची कालवं, म्हणजे शिंपल्यातले खायचे जीव, काढून घरी गेली होती. कोयती खडकावर विसरली म्हणून परत आली. "घराक दुसरी आसा. पण पाय हयसरच वळले." मी तिच्या पाया पडायला लागलो तर ती मागं सरली आणि देवळाच्या कळसाकडं बोट दाखवून म्हणाली, "माका कित्याक? तेका सांगा." एवढं म्हणून कोयती घेऊन चालायला लागली.

देवळात आम्ही ओल्या कपड्यांनी पोचलो. मला काही मागता आलं नाही, काही म्हणताही आलं नाही. खांबाला टेकून लहान लेकरागत रडलो. पल्लवीनं विचारलं, "काय मागितलं पप्पा?" मी तोंड फिरवलं.

घरी आलो तेव्हा पल्लवीनंच आईला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पप्पांनी काढलं मला बाहेर." माझी बायको उठली, तिनं देवापुढं दिवा लावला, आणि येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "न्हेली तशी आणलीत," म्हणाली. त्या क्षणी जी भीती वाटली ती खाडीतही वाटली नव्हती. गप्प राहिलो असतो तर आयुष्यभर तसाच निभावलो असतो. पण मी तिला उठवलं आणि सांगून टाकलं. मी हिचा हात सोडला होता, सायकलसाठी. हिनंच मला धरून काढलं.

पल्लवी हळूच म्हणाली, "माहीत हाय मला. भ्याले होते तुम्ही."

बायको म्हणाली, "मंग पोरीच्या पाया पडा."

देवाला आपण घट्ट धरून आहोत, या भ्रमात मी तीस वर्षं काढली. माझा हात तर पहिल्याच हिसक्याला सुटला. तरी मला कुणी सोडलं नाही. पोरीनं नाही, त्या बाईनं नाही, आणि ज्यानं त्या बाईचे पाय परत खडकाकडं वळवले त्यानंही नाही. हे ऋण मानायला मला आता लाज वाटत नाही.

मी वाकलो. "अहो पप्पा, हे काय!" म्हणत पल्लवी मागं सरायला लागली. मी तिचे पाय धरले, आणि ती रडायला लागली तरी सोडले नाहीत.