आइलेव लोहाराची सरळ तलवार

आस्लाउग लोखंड ऐकते. बाकीचे हौशी लोक धातू शोधायचं यंत्र कानाला लावून शेतातून फिरतात, तेव्हा त्याला आधीच बजावून ठेवतात की लोखंड लागलं तर गप्प बस, चांदी लागली तरच बोल. आस्लाउगचं नेमकं उलटं. चौदा वर्षं ती चांदीला भीक न घालता लोखंडामागे हिंडली. मिळालं काय, तर घोड्यांचे नाल, खिळे, ट्रॅक्टरचे नटबोल्ट आणि एकदा माझ्याच बर्फगाडीच्या फाळाचा तुकडा. तो माझ्याकडून हरवला नव्हता, चोरीला गेला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

मी तारयाइ. स्कोर्डालच्या रस्त्यांवरचा बर्फ तीस वर्षं बाजूला केला आणि आता घरी बसून बायकोच्या आठवणींशी भांडतो. आस्लाउग माझी शेजारीण, पूर्वी शाळेची बस चालवायची. तिचं वय एकोणसत्तर, गुडघे मात्र नव्वदीचे, म्हणून यंत्र तिच्या हातात आणि फावडं माझ्या. मला जुन्या गोष्टींचं काडीचंही प्रेम नव्हतं. ती येताना थर्मासभर कॉफी आणि तपकिरी चीज घातलेले वाफल आणायची, आणि तेवढ्यावर मी कुठलंही शेत खणायला तयार होतो.

तिला मात्र एकच गोष्ट हवी होती. तिचे वडील आइलेव खोटारडे नाहीत, हे तिला जिवंतपणी सिद्ध करायचं होतं. स्वतःच्या नव्हे, त्यांच्या.

गोष्ट सत्तावन्न सालची. आइलेव तेव्हा एकतीस वर्षांचा, हाताला यश असलेला लोहार. शरद ऋतूत नोर्डगार्डच्या शेतातले दगड काढताना त्यानं एक सपाट शिळा पहारीनं उचकटली आणि खालून तलवार काढली. दोरीवर वाळत घातलेल्या माशांसारखी बातमी आख्ख्या दरीत दरवळली. फेब्रुवारीत शहरातून जुन्या वस्तू तपासणारा एक तरुण पंडित आला. कमरेइतका बर्फ होता. जागा कुठली विचारल्यावर आइलेवनं स्कीची काठी उचलून पांढऱ्या रानाकडे दाखवलं, आणि पंडितानं वहीत काय लिहिलं असेल ते लिहिलं.

मग गावच्या दुकानात, तीसेक माणसांसमोर, त्यानं तलवार गल्ल्यावर ठेवली. हजार वर्षं मातीत राहिलेलं लोखंड असं धडधाकट कसं, गंज का नाही, असं त्यानं विचारलं.  पात्यावर तीन ठिकाणी ताज्या हातोड्याच्या खुणा होत्या. त्यावर बोट ठेवून त्यानं सरळ विचारलं, यावर तुमचा हातोडा पडलाय का? आइलेव नाही म्हणाला. मग अख्खी तलवारच तुमच्या हातची, असं म्हणून पंडितानं टोपी घातली आणि तलवार बरोबर नेली. महिन्याभरानं तलवार गोणपाटात गुंडाळून परत आली. सोबत पत्र होतं आणि त्यात दोनच शब्द महत्त्वाचे होते, 'अलीकडचं लोहारकाम'.

आमची दरी लहान, त्यामुळे चेष्टेला जायला दुसरी जागा नसते. कुणी गवत कापायचा विळा घ्यायला आलं की विचारायचं, "काय रे आइलेव, हाही हजार वर्षं जुना का?" सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत पोरं पुठ्ठ्याची शिंगवाली टोपी घालून मुद्दाम त्याच्या भट्टीसमोर थांबायची. त्या काळच्या योद्ध्यांच्या खऱ्या शिरस्त्राणाला शिंगं नसायची हे त्याला ठाऊक होतं, पण तसं सांगायला त्याला तोंड कुठे राहिलं होतं? मीही एका वर्षी त्या पोरांत होतो, हे आत्ता लिहिताना लाज वाटते.

सात वर्षांच्या आस्लाउगनं वर्गात एकाचा दात पाडला. तेव्हापासून तिचं एकच वाक्य होतं, माझे बाबा खोटं बोलत नाहीत. शाळेत म्हणाली, लग्नात म्हणाली, बसमध्ये मागच्या बाकावरच्या टवाळांना आरशात बघून म्हणाली. ती जागा सापडली तर तलवारीसोबत पुरलेलं बाकीचंही सापडेल, एवढाच तिचा हिशोब. पण दगडांचे बांध गेले, शेत सपाट झालं, मालक तीनदा बदलला, आणि आइलेवला स्वतःलाच नेमकी जागा आठवेना.

गेल्या मेमध्ये, पेरणीच्या आधी, नव्या मालकानं आठवडाभर फिरायची परवानगी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आस्लाउग एका जागी थांबली. पुढे गेली, मागे आली. मग कानावरचं काढून तिनं ते माझ्या कानाला लावलं. मला नुसता घरघराट ऐकू आला, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. मी खणायला लागलो. नांगराच्या मातीखाली फावडं खणकन सपाट दगडावर वाजलं. मी पहार शोधतोय तोवर ती ओरडली, "ठेव ते खाली."

नियम असा आहे की नांगर जातो त्याच्याखाली आपण हात लावायचा नाही, कळवायचं आणि थांबायचं. मला तो नियम माहीत होता, पण त्या क्षणी मी तो खुशाल मोडला असता. बासष्ट वर्षं थांबलेल्या त्या बाईनं मात्र मला चार दिवस त्या दगडाला शिवू दिलं नाही. घडीची खुर्ची टाकून, ताडपत्री पांघरून ती तिथे पहाऱ्याला बसली. मी विचारलं, दगड पळून जाणार आहे का? ती म्हणाली, तुझा भरवसा नाही.

पाचव्या दिवशी जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्याची सुन्निवा दोन माणसं घेऊन आली. आस्लाउग तिला चौदा वर्षं प्रत्येक गंजक्या खिळ्याचा फोटो पाठवायची आणि ती प्रत्येक खिळ्याला उत्तर द्यायची, म्हणून माझ्या मनात तिच्याबद्दल आदर होता. शिळा हलली आणि खाली चिकणमातीनं लिंपलेला खड्डा दिसला, जेमतेम दोन विती रुंद. त्यात कोळसा होता, जळलेल्या हाडांचा चुरा होता, आणि लोखंडच लोखंड. ढालीच्या मधोमध बसवतात ती लोखंडी वाटी ठेचून चपटी केलेली. भाल्याचं पातं दुमडून टोक बुडाला टेकवलेलं. त्याखाली कुऱ्हाड. सगळं काळंनिळं, कडक, जणू काल भट्टीतून काढलंय.

सुन्निवा भराभर सांगत होती. मेलेल्या माणसाची शस्त्रं त्याच्याबरोबर चितेवर ठेवत आणि मग मुद्दाम वाकवून, ठेचून पुरत. शस्त्रंही त्याच्याबरोबर मेली पाहिजेत. आणि चितेत भाजलेल्या लोखंडावर अशी काळी साल धरते की गंजाला आत शिरता येत नाही.

"म्हणजे गंज नाही म्हणून ते खोटं, असं नाही," आस्लाउग म्हणाली.

"उलट आहे. गंज नाही म्हणून ते इथलं."

मी, ज्याला आयुष्यात नव्या गिअरबॉक्सखेरीज कशानं भरून आलं नाही, त्या चिखलात नाचलो. आस्लाउग त्या गुडघ्यांनिशी घराकडे धावली. पंडिताचा पहिला आक्षेप मातीत गेला होता. ती गोणपाटातली तलवार घेऊन आली आणि सुन्निवानं ती हलक्या हातानं खड्ड्यावर आडवी धरली.

दोन विती खड्डा आणि जवळजवळ चार विती लांब तलवार. दोन्ही बाजूंनी ती चांगली बाहेर आली.

 मग सुन्निवानं त्या तीन खुणांवरून बोट फिरवलं. काळी साल तिथेच उडालेली होती, बाकी सगळीकडे शाबूत. ती म्हणाली, "आस्लाउग, इथलं सगळं वाकवलेलं आहे आणि ही सरळ आहे. कुणी ती नंतर सरळ केली असेल, तर ती याच खड्ड्यातली. केली नसेल, तर नाही."

"बाबा नाही म्हणाले होते."

"हो. म्हणून तर विचारतेय."

मला समजायला जरा वेळ लागला, पण आस्लाउगला तिथल्या तिथे समजलं. बाबा खरं बोलले असतील तर तलवार खोटी. तलवार खरी असेल तर बाबा खोटं बोलले. बासष्ट वर्षं जी दोन सत्यं एकाच मुठीत घट्ट धरली होती, त्यातलं एक सोडायचं होतं. आम्ही माझ्या गाडीनं आइलेवकडे निघालो. वृद्धाश्रमाच्या दारात मी म्हणालो, आज नको विचारू, म्हातारा त्र्याण्णव वर्षांचा आहे. ती म्हणाली, म्हणूनच आज. सुन्निवा मागून आपल्या गाडीनं आली, काखेत एक लांब नळकांडं घेऊन.

आइलेव खिडकीशी बसून साखरेचा खडा दातात धरून कॉफी पीत होता. खड्डा सापडला म्हटल्यावर त्याचे डोळे लकाकले. ढालीची वाटी, भाला, कुऱ्हाड, एकेक ऐकून तो मान डोलावत होता. मग आस्लाउग त्याच्यासमोर खाली बसली.

"बाबा, तलवार वाकलेली होती का?"

त्यानं कप खाली ठेवला. तोंडातली साखर विरघळू दिली.

"होती," तो म्हणाला. "मीच सरळ केली."

आस्लाउगचा चेहरा मी पाहिला नाही. मी पडद्याकडे बघत होतो. म्हातारा मात्र थांबेना, इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. ती तलवार वाकडी बघवेना म्हणून त्यानं भट्टी पेटवली. पहिलं वळण सोडवलं. दुसरं तापवताना त्याच्या लक्षात आलं की ही मोडतोड नव्हे. तीन वळणं आणि कुठे एक तडा नाही. जो कोणी ती वाकवणारा होता तो त्याच्याहून सरस लोहार होता आणि त्यानं ते जीव ओतून केलं होतं. पण अर्धी सरळ झालेली तलवार तशी कशी ठेवायची? त्यानं तिसरंही सोडवलं. शिळेखाली हाडं दिसली होती, म्हणून शिळा त्यानं घाईघाईनं परत जागेवर टाकली होती.

"दुकानात त्यानं विचारलं तेव्हा माझे वडील मागेच उभे होते," तो म्हणाला. "त्यांनी मला भट्टीवरच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्याच्या हातच्या कामावर विचारल्याशिवाय घण घालायचा नाही. मी नाही म्हणालो. एकदा नाही म्हणालो आणि मग ते गिळताही येईना, थुंकताही येईना."

"मी तुमच्यासाठी दात पाडला त्या पोराचा," आस्लाउग म्हणाली. "एक शब्द, बाबा. मला तरी सांगायचं होतं. मी साठ वर्षं लोकांच्या अंगावर धावून जात होते."

"तू जितकी धावायचीस, तितकं सांगणं अवघड व्हायचं."

ती रागानं लाल झाली होती आणि तिचे डोळे वाहत होते, दोन्ही एकाच वेळी. सुन्निवानं अगदी हळू विचारलं, वळणं कशी होती ते आठवतं का? त्यावर म्हातारा जरा चिडलाच. ज्या हातांनी सोडवली ते हात विसरतील का, असं म्हणून त्यानं काहीतरी मऊ द्या म्हटलं. माझ्या गाडीत धुराड्याभोवती ठोकायचा शिशाचा पत्रा होता. परिचारिकेच्या कात्रीनं आम्ही तलवारीएवढी लांब पट्टी कापली.

त्याचे हात कॉफीचा कपसुद्धा हिंदकळवतात. पण पट्टी हातात आली आणि ते हात स्थिर झाले. मुठीपासून वीतभर सोडून त्यानं पहिलं वळण डावीकडे दिलं. मग उलटून दुसरं. मग टोक आत घेऊन थोडं वर उचललं, आणि म्हणाला, हे टोक असं तिरपं होतं, मला खटकलं होतं, तळाशी काहीतरी आड आलं असणार.

सुन्निवानं नळकांडं उघडलं. त्यात पारदर्शक कागद होता, खड्ड्याच्या तळावर अंथरून मूळ मापात काढलेली नक्कल. तिनं ती आम्हाला कुणालाच दाखवली नव्हती. चिकणमातीत काहीतरी दबून राहिलेली एक वेडीवाकडी खोबण त्यावर शिसपेन्सिलीनं काढली होती, आणि एका टोकाला एक दगड. तिनं कागद टेबलावर पसरला आणि शिशाची पट्टी त्यावर ठेवली. पहिलं वळण बसलं. दुसरं बसलं. तिरपं टोक त्या दगडावर बरोबर चढलं.

मी ओरडलो. परिचारिका धावत आली, तिला वाटलं कुणाला काही झालं. सुन्निवा हसत होती आणि एकसारखं मोबाईलवर फोटो काढत होती. ती म्हणाली की वाकवलेल्या तलवारी पुष्कळ आहेत, पण कशी वाकवली ते सोडवणाऱ्याच्या तोंडून तिनं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"खरी आहे तर," आइलेव म्हणाला. त्याला त्यात नवल काहीच नव्हतं.

मग नोंदीचा कागद आला. सापडल्याचं वर्ष, शेत, शोधणाऱ्याचं नाव, आणि खाली 'वस्तूवर नंतर झालेलं काम' असा रकाना. आइलेवला बारीक अक्षर लिहिता येत नाही, म्हणून पेन आस्लाउगनं घेतलं. 'सरळ केली' एवढं लिहून ती थांबली आणि कागद सुन्निवाकडे सरकवू लागली. म्हाताऱ्यानं त्यावर हात ठेवला.

"पुढचंही लिही. विचारल्यावर नाही म्हणालो, असं."

"त्याची गरज नाही बाबा. तलवार खरी ठरली ना."

"तलवार ठरली. मी राहिलोय."

आस्लाउगनं कागद परत स्वतःकडे ओढला. मग तिनं ते वाक्य स्वच्छ, गोल अक्षरात, एकही शब्द न गाळता लिहून काढलं आणि पेन वडिलांच्या हातात दिलं. सही करेपर्यंत तिनं त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं.