लाटसाहेबापुढचं डफडं

पाटलांनी डफडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, उचला. घरचंच काम हाय तुमचं."

भरल्या वर्गात. माझ्या हातात खडू होता आणि फळ्यावर मीच लिहिलेला शब्द होता: राज्यपाल.

दुसऱ्या दिवशी राज्यपाल आमच्या गावावरून जाणार होते. केळापूरच्या पुढं, जंगलातल्या डाकबंगल्याकडं. वाटेत शाळेपुढं थांबून हार घेणार होते. म्हणून नागरिकशास्त्राचा तो धडा मी आधीच घेतला होता. पाहुणा कोण ते पोरांना कळावं, एवढाच हेतू.

पाटलांच्या मागं हेडमास्तर उभे होते. शिकलेला माणूस. माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. शाळेच्या माठावर माझा पेला तेवढा वेगळा ठेवायचे, तोही गुपचूप. ते म्हणाले, "गुरुजी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. जरा समजून घ्या."

पोरांपैकी कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. सगळी माझ्या हाताकडं बघत होती, उचलतो की नाही ते.

मी उचललं नाही. पाटलांनी डफडं काखेत मारलं. "तुमच्यानं होत नसन तं बुढ्याले सांगतो. त्याले माहीत हाय लाटसायेब काय असते ते."

बुढा म्हणजे माझा बाप. आणि खरंच, त्याला माहीत होतं.

आमच्या गावात राज्यपाल हा शब्द कुणी वापरत नसे. लाटसाहेब म्हणत. इंग्रजांच्या काळात तो नागपुरात राहायचा आणि शिकारीला आमच्याकडच्या जंगलात यायचा. तो यायचा म्हटलं की महारवाड्यातल्या माणसानं गळ्यात डफडं अडकवून त्याच्या गाडीपुढं पळायचं. वाजवत पळायचं. गावाच्या शिवेपर्यंत. शिवेवर पुढच्या गावचा आपलाच माणूस उभा असायचा, तिथून तो पळायचा. अशी गावोगावच्या माणसांना धाप लावत साहेब जंगलात पोचायचा. आजा पळाला, मग बा पळाला. पळताना मागं बघायचं नाही, एवढंच आज्यानं बाला शिकवलेलं.

स्वातंत्र्य आलं. साहेब गोऱ्याचा काळा झाला. गाडीवरचा झेंडा बदलला, बंगला तोच राहिला. बा पुन्हा पळाला. मग आम्ही मुंबई राज्यात गेलो, पुढं महाराष्ट्र झाला, साहेबाचं बिऱ्हाड नागपूरहून मुंबईला हललं. साहेब लांब गेला. पळणं गावातच राहिलं होतं, गावाच्या डोक्यात.

मुंबई राज्यात गेलो त्याच सालात आम्ही दीक्षा घेतली. त्या वर्षी आमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, भाकर मागणं सोडलं, वाजवणं सोडलं. बानं आपलं डफडं स्वतःच्या हातानं खुनी नदीत टाकलं. खुनी हे आमच्या नदीचं नावच आहे. काठावर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "लय पळलो."

हे सगळं डोक्यात घेऊन मी तो धडा शिकवत होतो. इंग्रजांचा गव्हर्नर राजाचा माणूस, राजाला जबाबदार. आपला राज्यपाल घटनेला बांधलेला. ती राखायची शपथ घेतो, मगच खुर्चीत बसतो. निर्णय आपण निवडून दिलेले मंत्री घेतात, राज्याचा कारभार मात्र त्याच्या नावानं चालतो. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं होतं, "गुरुजी, मंग लाटसायेब अन् राज्यपाल एकच का?"

"नाही," मी म्हणालो होतो. चांगलं मोठ्यानं.

आणि तेवढ्यात पाटील डफडं घेऊन आत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेकडं निघालो तर बा अंगणात बसलेला. समोर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. हातात ते डफडं. डफडं वाजवण्याआधी जाळावर शेकावं लागतं, म्हणजे चामडं ताणतं आणि आवाज धरतं. पण सारखं फिरवत राहावं लागतं. एका जागी राहिलं की फुटतं. बा फिरवत होता. मध्येच बोटानं ठोकून बघत होता. खोकत होता.

"बा, हे काय करून राह्यला?"

"तुही नोकरी वाचवून राह्यलो."

"मले नाही पाह्यजे अशी नोकरी."

"मले पाह्यजे," बा म्हणाला. "पळणाऱ्याच्या घरातला एक जण खुर्चीवर बसला. एकडाव अजून पळतो. मरत नाही मी."

त्याचा मला संताप आला. खरं सांगतो, पाटलांपेक्षा त्याचाच जास्त आला. नदीवर उभा राहिलेला तो माणूस कुठं गेला? मग त्याच्या पायांकडं लक्ष गेलं. सुजलेले. त्याच पायांनी तो शिवेपर्यंत पळणार होता, माझ्यासाठी. मला रडू फुटलं. लाज वाटली नाही.

बानं पुन्हा बोट मारलं. आवाज खणखणीत निघाला. चामडं तयार झालं होतं.

मी त्याच्या हातातून डफडं घेतलं आणि जाळावर पालथं ठेवलं. ठेवलं आणि हात मागं घेतला.

बाला ते ओढून काढता आलं असतं. फुटायला किती वेळ आहे, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं! तो हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिला. चामडं काळं पडलं, आकसलं आणि फाटकन फुटलं.

"फुटलं," बा म्हणाला. मग उठला आणि प्रथमच मला म्हणाला, "जा गुरुजी, शाळेले उशीर होते."

शाळेपुढं पाटील लालबुंद होऊन बाला शोधत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं, "डफडं मी जाळलं. बा येणार नाही. मीबी वाजवणार नाही." ते काही बोलणार तेवढ्यात धूळ दिसली.

गाडी थांबली. राज्यपाल उतरले. वयस्कर, शांत माणूस. हेडमास्तरांकडून हार घेतला, पोरांना हात जोडले, गावाचं नाव विचारलं आणि गेले. डफडं नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी ते मागितलंच नव्हतं. आमच्या गावात आपल्यापुढं माणूस पळवतात, हे त्यांना कुणी सांगितलंही नसेल. मी चार हातांवर उभा होतो. मीही सांगितलं नाही. तोंड उघडेपर्यंत गाडीचं दार लागलं होतं.

कारभार त्यांच्या नावानं चालतो, हे मीच शिकवलं होतं. बाला पळवायचं ठरलं तेही त्यांच्याच नावानं.

नोकरी कायम झाली नाही. झरीकडं जंगलात बदली झाली. बाला गावात कुणी काम देईना, म्हणून त्यालाही इकडं आणलं. तो दारात पाय पसरून बसतो. बोल लावत नाही. मी थकलो आहे. तोच धडा दरवर्षी शिकवतो आणि 'नाही' म्हणताना आवाज पहिल्यासारखा लागत नाही.

पण डाकबंगले इकडंही आहेत. कधी ना कधी ती गाडी इकडं येईल. त्या दिवशी मी रस्त्याच्या मधोमध उभा राहणार आहे, तोंड गाडीकडं करून. ती थांबली की विचारणार आहे, "साहेब, तुमच्या नावानं इथं काय काय चालतं, ठाऊक आहे का?"

उत्तर मिळेपर्यंत हलणार नाही.