नंदाताईंची मेंटेनरकी

फुकट काम करणाऱ्यांच्या घोळक्यात पगार नसतो, म्हणून मानापमान भरपूर असतात आणि किस्से त्याहून जास्त. आमचं ॲप पावसाची नोंद ठेवणारं, ओपन सोर्स. म्हणजे कुणीही उघडून बघावं, कुणीही सुधारावं. मी माले गावात भाड्याच्या खोलीत बसून ते सांभाळतो. मुळशीतली हौशी मंडळी रोज आपापल्या गावचा पाऊस त्यात भरतात, आणि भांडणंही त्यातच करतात.

कोणता बदल घ्यायचा हे मेंटेनर ठरवतात. ते पद मागून मिळत नाही. हिंजवडीच्या एका इंजिनिअरने एक स्वल्पविराम हलवला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, मेंटेनरचं सर्टिफिकेट कधी मिळेल?" तिसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही.

*

नंदाताईंचा ताम्हिणीला ढाबा आहे. कोडची एक ओळ त्यांनी लिहिलेली नाही. त्यांची पहिली तक्रार अशी होती: "तुमच्या चौकटीत दोनच आकडे बसत्यात. आमचा पाऊस त्यात मावत न्हाई."

चौकट मी केली होती, पुण्याचा पाऊस धरून. मला लाज वाटली. संध्याकाळपर्यंत तिसरा आकडा बसवला.

*

लवासाकडचे एक काका भर पावसाळ्यात आठवडाभर शून्य मिलिमीटर भरत होते. आम्ही दोन दिवस प्रोग्राममधली चूक शोधत बसलो. नंदाताईंनी त्यांना फोन करून एवढंच विचारलं, की मापक ठेवलाय कुठे. गॅलरीत ठेवला होता, छपराखाली.

*

ओल्या बोटाने 'पाठवा'चं बारीक बटण लागत नाही, ही ताईंची तक्रार मात्र आदित्यने बंद केली. शेरा मारला: "गरज नाही." आदित्य कोथरूडचा, आमचा सगळ्यात जुना मेंटेनर. सगळी बटणं त्याचीच, आणि त्यांच्या देखणेपणाबद्दल तो फार हळवा.

*

शेवटी मी ताईंचं नाव मेंटेनर म्हणून सुचवलं. आमचा नियम असा, की तीन दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर पद मिळालं. आली, तर ज्याची त्याने ती मुदतीत मागे घ्यायची, नाहीतर नाव वर्षभर मागे पडतं.

पहिल्याच दिवशी ॲपवरच आदित्यची हरकत आली. कोड न लिहिणारा माणूस मेंटेनर कसा, म्हणे. ताईंना पद हवं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मला फोनवर म्हणाल्या, "दरवेळी पुण्याची वाट किती बघायची?" मला आदित्यचा राग आला होता.

पण गडी सरळ. तिसऱ्या दिवशी गाडी काढून स्वतः ताम्हिणीला गेला, बाई नेमकं काय करतात ते बघायला. मुदत संध्याकाळी सहाची. मी स्क्रीनसमोर बसून होतो. साडेपाच झाले, पावणेसहा झाले, आदित्यकडून काही नाही.

सहाला पाच कमी असताना नंदाताईंच्या खात्यावरून निरोप आला:

"आदित्य हितं मापकापाशी भिजत उबे हायेत. म्हणत्यात हरकत मागं घेतो, पन बटन दबंना."